राजेशम मास्तर आणि साहेबांची कार्डं

ज्या दिवशी साहेबांना घराबाहेर आणलं, त्या दिवशी आमचा अख्खा बोळ स्ट्रेचरकडे बघत होता. कुणी चेहरा दिसतो का बघत होतं, कुणी अंगावर जखम आहे का. राजेशम मास्तर एकटे चादरीकडे बघत होते. पोलिसांनी साहेबांच्याच पलंगावरची चादर त्यांच्या अंगावर टाकली होती, लाल-पांढरी, मोरांची. स्ट्रेचर माझ्या दारासमोर आलं तसे मास्तर पुढे वाकले, चादरीवर बोट ठेवलं आणि हवालदाराला शांतपणे म्हणाले, "मोराच्या मानेत एक भोक चुकलंय बघा. दर मोराला चुकलंय."

हवालदारानं त्यांना बाजूला लोटलं. मी दंड धरून मागे ओढलं. मे महिना, सोलापूर, दुपारचे साडेतीन, आणि मास्तरांचा दंड गार होता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्या पूर्व भागात मास्तर म्हणजे डिझाईन मास्तर. चादरीवर मोर, कमळ जे काही उमटतं ते आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचं, त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडायची, कार्डं क्रमानं दोऱ्यात ओवायची आणि ती माळ मागावर चढवायची. एक कार्ड म्हणजे कापडातली एक ओळ. भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. एक भोक चुकलं तर चूक एका मोरापुरती राहत नाही. माग चालेल तितके दिवस प्रत्येक मोराच्या मानेत उतरते. मास्तरांनी चाळीस वर्षं हे काम केलं. मग संगणक आला, कारखान्यातले जुने माग भंगारात गेले आणि मास्तर दोन लोखंडी पट्ट्या, दोन हातोड्या आणि कोऱ्या कार्डांचे गठ्ठे घेऊन घरी आले. बायको आधीच गेलेली. मुलगा सुरतेला, तोही डिझाईनच करतो, पण संगणकावर. मास्तर त्याला काम म्हणत नाहीत, "चित्रं काढतोय" म्हणतात.

माग गेले तरी मास्तरांची नजर काही थांबली नाही. माझ्या नव्या साडीचा पदर एकदा त्यांनी भर रस्त्यात हातात घेतला, चौथ्या कोयरीत चूक दाखवली आणि निघून गेले. ती साडी मी पुन्हा मनापासून नेसू शकले नाही. एका लग्नात मांडवाच्या पडद्यावरची चूक त्यांनी वरबापाला अक्षता पडायच्या वेळी दाखवली. मी डबे करते, मास्तरांचा डबाही माझ्याकडेच असतो. एक दिवस डब्यातली पोळी उलटीसुलटी करून म्हणाले, "तवा बदलला काय अक्का? डागांचा रिपीट वेगळा हाय." तवा मी त्याच दिवशी सकाळी बदलला होता.

"कागद कुणी बी बघतंय. भोक बघायचं," हे त्यांचं पालुपद. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी अक्काच. घरात तेलुगू बोलणाऱ्यांची बाईमाणसाला हाक मारायची ही रीत आहे, तिचा माझ्या वयाशी संबंध नाही.

साहेब मास्तरांच्या शेजारच्या घरात भाड्यानं आले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दोन घरांत एकच भिंत. साहेब मूळचे केम गावचे, नोकरी सगळी बाहेर, एकटे. कुठलं ऑफिस विचारलं तर "कागदांचं" म्हणायचे. पहिल्या दिवशी माझा डबा उघडून त्यांनी सांगितलं की तुमची डावीकडची शेगडी जास्त पेटते, आमटी त्याच शेगडीवर होते. मी म्हटलं, हो. भांड्याच्या एका बाजूला करपल्याचा डाग होता, एवढंच. पण मला दोन दिवस स्वयंपाकघरात कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. दाराकडे पाठ करून ते कधी बसत नसत. गणपतीत आम्ही बोळाचा फोटो काढला, त्यात सगळे दात दाखवून उभे आहेत आणि मध्यभागी एक पाठ आहे. ती साहेबांची. नेमके त्याच क्षणी ते वळले.

हा माणूस रोज चारला मास्तरांकडे जायचा. मास्तरांचा रात्रीचा डबा मी चारलाच देते, त्यानंतर मला हॉस्टेलचे डबे असतात. त्यामुळे मी रोज बघायचे. मास्तर पाटावर, साहेब समोर मांडी घालून, दोघांच्या मध्ये लोखंडी पट्टी. कार्ड पट्टीत अडकवायचं, भोकावर खिळा धरायचा, वरून हातोडी. ठक. साहेब दातांत जीभ धरून नेम धरायचे आणि तरी हातोडी अंगठ्यावर बसायची. मास्तर खेकसायचे. एवढा मोठा अधिकारी माणूस, पण मास्तरांसमोर चौथीच्या वर्गात नापास झाल्यासारखा मान खाली घालून ऐकायचा. आणि हसायचा. आमच्यातल्या कुणासमोर मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

पुढे मास्तरांनी आपली जुनी पट्टी आणि हातोडी त्यांना घरी नेऊ दिली. मग संध्याकाळी भिंतीपलीकडून ठकठक यायला लागली. काय करताय विचारलं तर साहेब म्हणायचे, एक डिझाईन करतोय, पूर्ण झालं की दाखवतो.

ते पूर्ण व्हायच्या आत गेले.

दुपारचा डबा दाराच्या कडीला तसाच लटकत होता, म्हणून मी दार वाजवलं. मग मास्तरांनी वाजवलं. मग पोलिसांनी तोडलं. दार आतून बंद, खिडक्या आतून बंद, पंखा बंद. त्या उकाड्यात साहेब खुर्चीवर ताठ बसले होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस विंचरलेले, कपाळावर घामाचा थेंब नाही. भिंतीवरच्या आरशावर टॉवेल टाकलेला. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं, ते चालू होतं. समोर पट्टीत एक कार्ड अर्धं भोकं पाडलेलं आणि उजव्या हाताची मूठ अशी वळलेली, जशी हातोडी धरतात. हातोडी मात्र खाली नीट भिंतीशी ठेवली होती.

मी आयुष्यात बरीच माणसं गेलेली बघितली आहेत. ती गेलेली दिसतात. साहेब ठरवून थांबल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी बातमीत आलं की ते गुप्तचर खात्यातले अधिकारी होते. मृत्यूचं कारण अस्पष्ट. आणि आमच्या बोळात माणसं मावेनात.

पहिला संशय माझ्या आमटीवर आला. पोलीस पातेल्यासकट घेऊन गेले. एक बातमीदार पोरगी माझ्या दाराकडे हात करून कॅमेऱ्यात सांगत होती की याच स्वयंपाकघरातून शेवटचा डबा गेला. मी बाहेर येऊन म्हटलं, गेला, पण खाल्ला नाही, तसाच परत आला, तेही सांग. ते तिनं दाखवलं नाही. पंधरा दिवसांनी आमटीत फक्त आमटी निघाली. पातेलं काही परत आलं नाही.

मग तर्क सुरू झाले. पानटपरीवर ठरलं की अत्तरातून विष दिलं. सलूनमध्ये ठरलं की परदेशातून किरण सोडले, म्हणून आरसा झाकला होता. पिठाच्या गिरणीवाल्या शबानाभाभींचं म्हणणं, गेलेला माणूस साहेब नव्हताच. साहेब खात्यानं केव्हाच हलवले आणि दुसरा मुडदा बसवला. मी म्हटलं, भाभी, मी दोन हातांवरून त्यांना बघितलंय. त्या चाळणी हलवत म्हणाल्या, "तुमना दिखाया सो देखे तुम, अक्का." म्हणजे मला जे दाखवलं तेच मी बघितलं.

या सगळ्या तर्कांचे न्यायाधीश मास्तर झाले. लोक त्यांच्या ओट्यावर येऊन आपापला खून मांडायचे आणि मास्तर त्यात भोक काढायचे. अत्तर? साहेबाला शिंका यायच्या, ते अत्तर लावलेल्या माणसाला दारात उभं करत नव्हते. किरण? मग टेबलावरचं घड्याळ कसं चालू राहिलं? भिंतीवर त्यांनी चौकटीचा कागद लावला. साहेबांचा दीड वर्षांचा दिनक्रम त्यावर ठिपक्यांनी उतरवला. दूध सहा, पेपर सात, डबा एक, मास्तर चार. सरळ उतरत गेलेली किनार दिसायची. शेवटच्या दिवशी दूध घेतलेलं, पेपर घेतलेला, आणि मग कोरी चौकट. त्या कोऱ्या चौकटीपाशी मास्तर बोट ठेवायचे आणि ओट्यावर बसलेली दहा माणसं नजर दुसरीकडे वळवायची. मलासुद्धा तिकडे बघवत नसे. नुसता कोरा कागद, पण त्यातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

आठवडाभरानं पेपरात मोठी बातमी आली. मृताच्या घरात सांकेतिक भाषेतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या सापडल्या, त्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवल्या आहेत. सोबत फोटो. मास्तर माझ्या स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होते. आधी ते इतकं हसले की मला पाणी द्यावं लागलं. चादरीची कार्डं. सोलापुरातलं शेंबडं पोरही ओळखेल, पण साहेबांचं खातं दिल्लीचं. मग हसता हसता ते थांबले.

"अक्का, त्यांनी दोरा कापला तर?"

त्या दिवसापासून मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. खुनी कोण, विष कुठलं, यात त्यांना मनातून रस नव्हता. त्यांना साहेबांची कार्डं बघायची होती. किती आहेत, आणि काय काढलंय.

का, ते मला लवकरच कळलं. ओट्यावरच्याच कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की हेराचं काय, तो कुणाशीही गोड बोलतो. पूर्व भागात कुठल्या कारखान्यात बाहेरची माणसं येतात, कोण सभा घेतं, सगळं काढून घ्यायला साहेब मास्तरांकडे बसायचे. शिकणं हे निमित्त. मास्तर म्हणाले, रोज संध्याकाळी आवाज यायचा की पलीकडून. तो माणूस म्हणाला, भिंतीपलीकडे तुम्ही ऐकताय हे माहीत असलेला माणूस रिकाम्या पट्टीवर हातोडी नाही मारणार?

ओट्यावर पहिल्यांदाच त्यांना भोक सापडलं नाही.

त्याच सुमारास दुसरा प्रकार सुरू झाला. साहेबांच्या घराला सील. आणि दुपारी चारला आतून ठकठक ऐकू यायला लागली. बायका बोळातून जाईनात. शबानाभाभींनी गिरणी चारला बंद ठेवायला सुरुवात केली आणि माझं पीठ अडलं, तेव्हा मला लक्ष घालावं लागलं. मी चारला सरळ मास्तरांच्या मागच्या खोलीत शिरले. मास्तर सामाईक भिंतीला पाठ लावून कोऱ्या कार्डांना भोकं पाडत बसले होते. आवाज भिंतीतून रिकाम्या घरात जायचा आणि त्यांच्या खिडकीतून बोळात पडायचा.

मी म्हटलं, मास्तर, भाभींची गिरणी बंद पाडलीत तुम्ही.

"हात चालू ठेवायला लागतोय," ते म्हणाले. डोळे कार्डावरून उचलले नाहीत.

मी बोळात सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कुणालाही आवडलं नाही.

मग मी त्यांना स्कूटीवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं. हे प्रकरण एकदाचं मिटलेलं बरं. तपास करणारा इन्स्पेक्टर तरुण होता, वागायला चांगला. मास्तर म्हणाले, ती चादरीची कार्डं आहेत. इन्स्पेक्टरनं मान हलवली, हे सांगणारे तुम्ही विसावे. मग त्यानं सहा कार्डांचे सहा फोटो टेबलावर टाकले आणि वाचून दाखवा म्हणाला. मास्तरांनी ते हातात घेतले, दोन वर-खाली केले, एक मागून पुढे आणला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "ही किनार. इथनं आत चाललंय. हे वळण हाय. ह्याच्या फुडं काय, ते फुडची कार्डं बघितल्याबिगर न्हाई सांगता येत. किती हायेत?"

"ते तपासाचा भाग आहे."

"नुसता आकडा सांगा की."

"नाही सांगता येणार, काका."

मास्तर म्हणाले, बरं, चौकटीचा कागद कुठाय? कार्डं आहेत म्हणजे आधी कागद रंगवलेला असणारच, पंचांच्या यादीत तो आहे का? इन्स्पेक्टरनं यादी काढली. चष्मा, घड्याळ, पट्टी, हातोडी, कार्डं. कागद नव्हता. आतून बंद असलेल्या घरातून एक मोठा रंगवलेला कागद नाहीसा झाला होता. पुढे तो कागद कधीच मिळाला नाही. कुणी नेला, केव्हा नेला, की साहेबांनीच जाळला, आजवर कुणाला ठाऊक नाही.

आता इन्स्पेक्टर सावरून बसला. साहेब तुम्हाला काय काय विचारायचे, आठवेल ते सांगा. मास्तर सांगायला लागले. सूत कुठून येतं. रंग कोण देतं. कुठल्या हॉटेलात कामगार बसतात. बाहेरगावची माणसं कुणाकडे उतरतात. मोर्चा कोण काढतं. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. इन्स्पेक्टरनं वहीच्या कडेला काहीतरी एक शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. टेबलाच्या या बाजूनं तो उलटा होता. चाळीस वर्षं कार्डं उलट्या बाजूनं वाचलेल्या माणसाला त्याचं काय?

परतीच्या वाटेवर आम्ही रेल्वे स्टेशनपाशी आलो. तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "'सोर्स' लिहिलं त्यानं, म्हंजे खबऱ्या. दीड वर्ष, अक्का. रोज चारला. कामावर येत हुता का तो?"

मी म्हटलं, मला काय माहीत, नीट धरून बसा, पुढे खड्डा आहे. दुसरं काय बोलायचं असतं ते मला येत नाही.

थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. "खोटं शिकणारा माणूस वीस कार्डांच्या फुडं जात न्हाई. मी लई पोरं बघितलीत. बोटं फुटत्यात. वीसच्या आत असतील तर कामावर हुता. आकडा कळला असता तर बरं झालं असतं."

आम्ही बोळात शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी स्कूटी लावली. मास्तर माझ्याशेजारी उभे होते, दोन्ही हात रिकामे. आणि साहेबांच्या सील केलेल्या घरातून ठक असा आवाज आला. एक. थोडं थांबून आणखी एक. नेम धरून मारल्यासारखा.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी डिकीतून भाजीची पिशवी काढत होते. मला कुणी विचारलं तर मी काही ऐकलं नाही असंच सांगते.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही, असं दोन ओळींचं काहीतरी पेपरात आलं. साहेब कामावर होते की रजेवर, हेही त्यात नव्हतं. बोळाला तोवर दुसरा विषय मिळाला होता. ओट्यावर माणसं येईनाशी झाली. मास्तरांनी भिंतीवरचा कागद काढला नाही, पण त्यावर पुन्हा बोटही ठेवलं नाही. डबा अर्धा परत यायला लागला. मी दोनदा रागावले, मग पोळ्या कमी केल्या.

थंडीत एका दुपारी केमहून साहेबांची बहीण आली. पन्नाशीची बाई, डोक्यावरून पदर, हातात पोलिसांनी दिलेलं पोतं. घर रिकामं करायला आली होती. मी तिला जेवायला वाढलं. ती म्हणाली, "आमी तरी कुटं वळखत हुतो त्याला? वर्षातनं एक फोन. कुटं हायस इचारलं की म्हणायचा, हाय इथंच. सोलापुरात हुता दीड वरीस, दीड तासावर, आन् मला म्हाईत न्हाई." मग पोत्याकडे बघून म्हणाली, "हे कसले पुठ्ठे हायेत? पोलीस म्हणत्यात, न्या. मी काय करू नेऊन, चुलीत घालू?"

मी तिला मास्तरांकडे नेलं.

मास्तरांनी पोतं उघडलं. जे व्हायला नको होतं तेच झालं होतं. प्रयोगशाळेनं दोरा कापला होता. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकावर प्रयोगशाळेचा नंबर, हाताला येईल तसा. बारा नंबरवर मोराचा पाय असेल तर तेरावर भलतंच. आणि साहेबांचा स्वतःचा नंबर एकाही कार्डावर नव्हता.

मास्तर उखडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "नंबर टाकला न्हाई. शंभर डाव सांगितलं, आधी नंबर टाका, साहेब, मग हातोडी उचला. दोऱ्याचा भरवसा न्हाई. ऐकायचं न्हाई. हुशार माणूस. मोठ्ठा अधिकारी. नंबर टाकायला काय हुतंय?" पिशव्या फाडत होते आणि बोलत होते. बहीण घाबरून माझ्या मागे झाली. मी तिला खुणेनं थांब म्हटलं.

मग त्यांनी कार्डं मोजायला घेतली. तोंडानं तेलुगूत मोजत होते. वीस झाली. वीसनंतर त्यांचा आवाज बंद झाला, नुसती बोटं चालत राहिली. दोनशे सोळा. आणि एक अर्धं.

मास्तर पाटावर बसले. एक कार्ड उचलून त्यांनी खिडकीकडे धरलं. दोन भोकांवर मागून कागदाच्या बारीक चिकट्या लावल्या होत्या. चुकलेलं भोक बुजवून शेजारी नवीन पाडलेलं. दुसऱ्या कार्डावर तीन चिकट्या. तिसऱ्यावर एक, अगदी सफाईनं लावलेली. एका कार्डाच्या कडेला तपकिरी डाग होता. अंगठ्यातून रक्त आलं की पुठ्ठ्यावर असाच पडतो.

"ह्यातलं एक बी माझ्याफुडं मारलेलं न्हाई," ते बहिणीला म्हणाले. "सगळी घरी बसून. एकट्यानं."

बहिणीनं विचारलं, काय काढलंय त्यानं?

"बघतो की. वेळ लागंल. नंबर न्हाईत न्हवं."

तिनं कार्डं त्यांच्याकडेच ठेवली. मला म्हणाली, कळलं तर फोन करा, चांगलं असू द्या नाहीतर वाईट. मी तिला स्टेशनवर सोडून आले.

तेव्हापासून मास्तर रोज चारला कार्डं घेऊन बसतात. डबा आता रिकामा येतो. बोळालाही पुन्हा थोडी धुगधुगी आली. साहेबांनी मरताना खुन्याचं नाव पाडून ठेवलंय, असं सलूनमध्ये ठरलंय. शबानाभाभींच्या मते नकाशा आहे. मास्तर कुणालाही आत घेत नाहीत. "काम चालू हाय," एवढंच.

महिन्याभरानं मी एक दिवस हॉस्टेलच्या गडबडीत डबा घेऊन नेहमीपेक्षा उशिरा गेले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत कार्डं जमिनीवर मांडलेली होती. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीवरून वळून परत, एकाला एक चिकटून, एकही जागा रिकामी नाही. शेवटी ते अर्धं कार्ड. मास्तर गुडघ्यांवर होते. पहिल्या कार्डापासून त्यांनी भोकांवरून बोटं फिरवत आणली, ओठ हलत होते. मध्ये एका ठिकाणी थांबून हसले, साहेब अंगठा चेचला की हसायचे तसे. शेवटच्या अर्ध्या कार्डापाशी त्यांचा हात बराच वेळ होता.

सहा फोटो अर्ध्या मिनिटात लावणारा माणूस. दोनशे सोळा कार्डांना त्याला किती दिवस लागणार? त्या खोलीत उभं राहिल्यावर मला एवढं गणित आलं.

मग मास्तरांनी दोन्ही हातांनी कार्डं गोळा केली. गठ्ठा जमिनीवर ठोकून सारखा केला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे केला, आणि रमी खेळताना पिसतात तसा पिसला. एकदा नाही, चार-पाच वेळा. मग वरचं कार्ड उचलून खिडकीकडे धरलं आणि नवीन असल्यासारखं बघायला लागले.

माझी चाहूल लागली तसे वळले. "अजून लागंना बघा, अक्का."

मी म्हटलं, लागेल. घाई कसली आहे?

डबा ठेवला आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा डबा साडेपाचला देते, हॉस्टेल उरकून. केमहून अधूनमधून फोन येतो, बोळातली माणसंही विचारतात, मास्तरांचं कुठवर आलं म्हणून. मी सांगते, फार अवघड काम आहे ते, अजून क्रम लागत नाही.